आहारविकृतींवरील संवादोपचार : प्रमाणित आणि व्यक्तिसापेक्ष पद्धतींची चिकित्सा

प्रास्ताविक

प्रत्येक माणूस वेगळा असतो, हे विधान इतके निर्विवाद आहे की त्यावरून काढलेली अनुमानेही आपण बहुधा न तपासताच स्वीकारतो. मनोपचाराच्या क्षेत्रात असे एक अनुमान अलीकडे दृढ होत चालले आहे. प्रत्येक रुग्ण वेगळा. म्हणून प्रत्येकासाठी स्वतंत्रपणे बेतलेला उपचार हा सर्वांना एकाच पद्धतीने दिल्या जाणाऱ्या उपचाराहून अधिक गुणकारी असणारच, असे ते अनुमान होय. आहारविकृतींवरील संवादोपचाराच्या संदर्भात या अनुमानाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे क्षेत्र निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, प्रमाणित संवादोपचाराची घडण आणि पारख ज्या मोजक्या विकारांच्या बाबतीत अत्यंत काटेकोरपणे झाली, त्यांत आहारविकृतींचा समावेश होतो. त्यामुळे येथे मतांऐवजी पुराव्यांवर बोलता येते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. वजन वाढण्याच्या भीतीने उपासमार पत्करण्याच्या ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकारासह सर्व आहारविकृतींवरील ३६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार ॲनोरेक्सियाच्या रुग्णांतील मृत्युप्रमाण समवयस्क सर्वसाधारण लोकसंख्येच्या जवळजवळ सहापट आढळले. हे विकार प्रामुख्याने पौगंडावस्थेत आणि ऐन तारुण्यात सुरू होतात, म्हणजे विद्यार्थी कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांत असतात त्याच वयात. उपचाराच्या निवडीचा प्रश्न म्हणूनच केवळ तात्त्विक राहत नाही.

प्रमाणित उपचाराची जडणघडण

आवेगाने अतिभोजन करायचे आणि मग ओकारी काढून, रेचके घेऊन किंवा कडक उपवास करून त्याची भरपाई करायची, असे ज्याचे स्वरूप आहे त्या विकाराला लंडनमधील मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, ऑक्सफर्ड येथील क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी या विकारावरील बोधात्मक वर्तनोपचाराचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे हीच पद्धती सीबीटी या आद्याक्षरांनी सर्वत्र ओळखली जाऊ लागली.

या उपचारामागील उपपत्ती साधी, पण सुसंगत आहे. रुग्ण स्वतःची किंमत जवळजवळ सर्वस्वी शरीराच्या आकारावरून आणि वजनावरून ठरवतो. त्यातून खाण्याविषयीचे कठोर नियम जन्माला येतात. कठोर नियम कधी ना कधी मोडतो. मोडला की संयमाचा बांध फुटतो आणि अतिभोजन घडते. त्याची भरपाई म्हणून ओकारी काढली जाते, अपराधी भाव वाढतो आणि नियम पूर्वीपेक्षाही कठोर होतात. उपचारात हे चक्र एकेका ठिकाणी तोडले जाते. खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाची त्याच वेळी नोंद ठेवणे, आठवड्यातून एकदाच आणि उपचारकासमवेत वजन करणे, ठरलेल्या वेळी तीन जेवणे आणि मधले अल्पोपाहार घेणे, टाळलेले पदार्थ हळूहळू पुन्हा आहारात आणणे, ही त्यातील प्रमुख साधने होत.

२००३ साली फेअरबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उपपत्ती सर्व आहारविकृतींना लागू करणारी मांडणी केली. २००८ साली तिची सविस्तर उपचार-पुस्तिका ग्रंथरूपाने आली. सीबीटी-ई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विस्तारित पद्धतीत, वजन फार घटलेले नसलेल्या रुग्णांसाठी २० आठवड्यांत सुमारे २० सत्रे असतात. वजन बरेच घटलेले असल्यास सत्रांची संख्या ४० पर्यंत जाते. तत्पूर्वी, २००४ सालीच, ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत बुलिमियावरील या उपचाराच्या शिफारशीला पुराव्याची सर्वोच्च श्रेणी देण्यात आली होती.

एवढी मान्यता मिळालेल्या उपचाराचे फळ प्रत्यक्षात किती? अमेरिकेत २२० रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीची तुलना आंतरव्यक्तिक मनोपचाराशी करण्यात आली. उपचार संपले त्या वेळी, सर्व सहभागींचा हिशेब धरता, सीबीटी गटातील २९ टक्के आणि दुसऱ्या गटातील ६ टक्के रुग्ण विकारमुक्त होते. पाठपुराव्यात दोन्ही गटांमधील तफावत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय राहिली नाही. प्रमाणित उपचार इतरांहून सरस आणि वेगवान ठरतो, आणि तरीही बहुसंख्य रुग्णांना तो पूर्णपणे बरे करीत नाही, अशी ही दुहेरी साक्ष आहे. व्यक्तिसापेक्ष उपचाराची मागणी या उरलेल्या बहुसंख्येच्या वतीने केली जाते. ती मागणी न्याय्य आहे. ती पूर्ण करण्याचा मार्ग कोणता, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

दोन संज्ञांविषयी

पुढे जाण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रमाणित उपचार म्हणजे पुस्तिकेतील मजकूर रुग्णासमोर वाचून दाखवणे, असे चित्र त्याचे टीकाकार रंगवतात. वस्तुतः सीबीटी-ईच्या पहिल्याच टप्प्यात उपचारक आणि रुग्ण मिळून त्या रुग्णाच्या विकारचक्राची आकृती रुग्णाच्याच शब्दांत कागदावर काढतात. कोणाच्या चक्रात उपवास प्रमुख असतो, कोणाच्या एकटेपणा, कोणाच्या आरशात वारंवार पाहणे. ज्या घटकांची आकृती काढायची ते घटक मात्र उपपत्तीने आधीच सुचवलेले असतात, आणि कोणते काम आधी करायचे याचा क्रमही ठरलेला असतो.

याच्या उलट, व्यक्तिसापेक्ष उपचारात घटकांची निवड, त्यांचा क्रम आणि वापरायची तंत्रे या तिन्ही बाबी उपचारक त्या रुग्णाच्या विश्लेषणावरून ठरवतो. म्हणजे भेद जातीचा नसून प्रमाणाचा आहे: निर्णयाचे किती अधिकार उपपत्तीकडे ठेवायचे आणि किती उपचारकाकडे सोपवायचे, एवढाच तो भेद होय. वादाची अशी मांडणी केली की भावनेचा बराचसा भाग गळून पडतो आणि तपासता येण्याजोगा प्रश्न हाती उरतो. उपचारकाकडे सोपवलेले निर्णय रुग्णाच्या हिताचे ठरतात काय?

घादेरी यांची चाचणी : बळ आणि मर्यादा

हा प्रश्न बुलिमियाच्या संदर्भात थेट विचारणारी चाचणी स्वीडनमधील संशोधक अता घादेरी यांनी केली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. बुलिमियाचे पूर्ण किंवा अंशतः निदान झालेल्या ५० रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून एका गटाला पुस्तिकेनुसार प्रमाणित सीबीटी, तर दुसऱ्या गटाला वर्तनाच्या कार्यात्मक विश्लेषणावर आधारलेला, अधिक व्यापक आणि व्यक्तिसापेक्ष सीबीटी देण्यात आला. दोन्ही गटांत लक्षणीय सुधारणा झाली व ती टिकली. बहुतेक मोजमापांवर दोहोंत फरक आढळला नाही. मात्र अतिभोजनाचे प्रसंग पूर्णपणे थांबणे, खाण्याविषयीची चिंता आणि शरीराच्या आकाराविषयीचे असमाधान या तीन बाबतींत व्यक्तिसापेक्ष गट सरस ठरला. उपचाराला प्रतिसाद न देणारे रुग्ण एकूण १० होते. त्यांपैकी ८ प्रमाणित गटातील होते.

व्यक्तिसापेक्षतेचे पुरस्कर्ते या शेवटच्या आकड्यावर भर देतात. तो आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही, परंतु त्यावर उभारलेला निष्कर्ष तीन कारणांनी कमकुवत ठरतो. एक, ५० रुग्णांच्या चाचणीत ८ आणि २ यांमधील फरक हा संकेत आहे, सिद्धता नव्हे. दोन, मूल्यमापन करणाऱ्यांना रुग्णाचा गट ठाऊक नसेल अशा रीतीने, अधिक मोठ्या नमुन्यावर, स्वतंत्रपणे ही चाचणी पुन्हा व्हावी, अशी अपेक्षा संशोधकाने स्वतःच नोंदवली आहे. तीन, आणि हा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, दुसऱ्या गटात एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या गेल्या. उपचार व्यक्तिसापेक्षही झाला आणि व्यापकही झाला. सुधारणा नेमकी कशामुळे झाली? उपचार त्या व्यक्तीसाठी बेतला म्हणून, की त्यात आत्मसन्मान, नातेसंबंध आदी अधिक विषय आले म्हणून? या रचनेतून त्याचे उत्तर मिळू शकत नाही.

या चाचणीतील एक गुणात्मक निरीक्षण मात्र आकड्यांहून मोलाचे वाटते. प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांचे वर्तन कमालीचे नियमबद्ध होते. प्रत्यक्ष अनुभवाचे परिणाम त्यांच्यापर्यंत जणू पोहोचतच नव्हते. येथे प्रमाणित उपचाराची एक अंतर्गत अडचण दिसू लागते. ज्याचा विकारच कठोर नियमांचा आहे, त्याला आपण नोंदवहीचा आणि वेळापत्रकाचा आणखी एक नियम देतो. काही रुग्ण त्या नियमाच्या आधाराने जुने नियम सोडतात, तर काहींच्या बाबतीत नवा नियम जुन्या नियमांच्या रांगेत जाऊन बसतो. हे दोन प्रकारचे रुग्ण आरंभीच ओळखता आले, तर व्यक्तिसापेक्षतेला निश्चित स्थान मिळेल.

उपचारकाच्या निर्णयाची कसोटी

व्यापकता आणि व्यक्तिसापेक्षता यांची गल्लत टाळणारी एक चाचणी आहे. पण ती आहारविकृतींवरील नसून भयगंडावरील आहे. तिची रचना प्रस्तुत प्रश्नाला इतकी नेमकी लागू पडते की तिचा उल्लेख टाळता येत नाही. जर्मनीतील डिटमार श्युल्टे आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात १२० रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला भीतीच्या वस्तूला प्रत्यक्ष सामोरे जाण्याचा प्रमाणित उपचार मिळाला. दुसऱ्या गटातील प्रत्येकासाठी उपचारकाने स्वतंत्र उपचार आखला. तिसऱ्या गटातील प्रत्येक रुग्णाला मात्र दुसऱ्या गटातील कोणा एकासाठी आखलेला उपचार जसाच्या तसा देण्यात आला. म्हणजे कपडा एकाच्या मापाने शिवला आणि दुसऱ्याला घातला.

व्यक्तिसापेक्षतेचे तत्त्व खरे असेल तर तिसरा गट स्पष्टपणे मागे पडावयास हवा होता. तसे घडले नाही. प्रमाणित उपचार सर्वांत प्रभावी ठरला, आणि स्वतःच्या मापाचा उपचार मिळालेले रुग्ण दुसऱ्याच्या मापाचा उपचार मिळालेल्यांहून सरस ठरले नाहीत. भयगंडावरून आहारविकृतींविषयी थेट अनुमान काढता येणार नाही, हे खरे. तथापि उपचारकाने माप घेतले म्हणजे ते अचूकच असते, हे गृहीतक या अभ्यासानंतर पुराव्याशिवाय मान्य करता येत नाही.

आहारविकृतींच्या क्षेत्रात या शंकेला वेगळ्या बाजूने दुजोरा मिळतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्लेन वॉलर यांनी २००९ साली उपचारकाच्या भरकटण्याची मीमांसा केली. आपण सीबीटी देतो असे सांगणारे उपचारकही त्यातील अवघड भाग हळूहळू गाळत जातात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ८० उपचारकांकडून घेतलेल्या माहितीतही वजन करणे, आहाराची नोंदवही ठेवणे यांसारखी मूलभूत साधने अनेकजण नियमितपणे वापरत नसल्याचे दिसले. याचे कारण समजण्याजोगे आहे. वजनकाट्यावर उभे राहण्याच्या कल्पनेने रुग्ण घाबरतो, रडतो. उपचारकालाही ते पाहवत नाही. मग 'या रुग्णासाठी हे योग्य नाही' असा निर्णय होतो. त्या निर्णयाला व्यक्तिसापेक्षतेचे नाव मिळते, पण त्याच्या मुळाशी रुग्णाच्या गरजेइतकीच उपचारकाची अस्वस्थताही असू शकते.

नियमाधिष्ठित व्यक्तिसापेक्षता

मग रुग्णांमधील भेदांकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. त्या भेदांचा उपयोग करण्याची अधिक शिस्तबद्ध पद्धत उपलब्ध आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या फेअरबर्न यांच्या चाचणीत १५४ रुग्णांना सीबीटी-ईच्या दोन रूपांपैकी एक रूप देण्यात आले. केंद्रित रूपात केवळ आहारविकृतीवर काम केले जाई. व्यापक रूपात परिपूर्णतेचा अतिरेकी हव्यास, खोलवर रुजलेला न्यूनभाव आणि परस्परसंबंधांतील अडचणी यांवरही काम होई. एकूण रुग्णांचा विचार करता दोन्ही रूपे सारखीच ठरली. परंतु ज्या रुग्णांत या अतिरिक्त अडचणी तीव्र होत्या, त्यांना व्यापक रूपाचा अधिक लाभ झाल्याचे दिसले. आणि ज्यांत त्या तीव्र नव्हत्या, त्यांना केंद्रित रूपाचा. अमेरिकेत बुलिमियाबरोबरच सीमांत व्यक्तिमत्त्वाची लक्षणे असणाऱ्या ५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही साधारण असाच आकृतिबंध आढळला.

या निष्कर्षातील मर्म असे की, सर्वांना 'अधिक' देणे हे सर्वांच्या हिताचे नसते. साध्या स्वरूपाचा विकार असलेल्या रुग्णासमोर बालपण, नातेसंबंध, आत्मसन्मान असे सारे विषय उघडले, तर मूळ काम मागे पडते. येथे रुग्णानुसार उपचार बदलतो आहे. पण तो कोणत्या खुणेवरून बदलायचा हे आधी सांगितलेले आहे, आणि म्हणून ते खोटे ठरवता येण्याजोगेही आहे.

दुसरी खूण काळाची आहे. उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांतील प्रगती ही अखेरच्या फलिताची चांगली पूर्वसूचना असते, असे वारंवार दिसून आले आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी चाचणीच्या माहितीवरून असे आढळले की, सहाव्या सत्रापर्यंत ओकारीसारख्या भरपाईच्या वर्तनात ७० टक्क्यांहून कमी घट झालेल्या रुग्णांना पुढेही अपेक्षित लाभ होण्याची शक्यता कमी असते. ॲनोरेक्सियाग्रस्त किशोरवयीन मुलांच्या कुटुंबाधारित उपचारात अशाच खुणेचा वापर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ४५ रुग्णांवरील अमेरिकी अभ्यासात करण्यात आला. चौथ्या सत्रापर्यंत सुमारे २.३ किलो वजन न वाढलेल्या मुलांच्या पालकांना तीन अधिक सत्रांचे सघन मार्गदर्शन देण्यात आले. आरंभी मागे राहिलेली ही मुले उपचाराच्या अखेरीस, आरंभीच प्रतिसाद देणाऱ्या मुलांच्या बरोबरीने वजन भरून काढताना दिसली. अभ्यास छोटा आहे. पण त्याची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. नाइसच्या २०१७ च्या सुधारित तत्त्वांतही प्रौढांच्या बुलिमियासाठी प्रथम मार्गदर्शित स्वयंसाहाय्य आणि चार आठवड्यांत उपयोग न झाल्यास वैयक्तिक सीबीटी असा क्रम दिला आहे. प्रमाण ठरलेले असले की विचलन दिसते, आणि विचलन दिसले की बदल करण्यास आधार मिळतो.

दोन विरुद्ध साक्षी

या विवेचनाची परीक्षा घेणाऱ्या दोन साक्षी येथे तपासणे इष्ट ठरेल. पहिली डेन्मार्कमधील आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बुलिमियाच्या ७० रुग्णांना एक तर पाच महिन्यांत २० सत्रांचा सीबीटी किंवा दोन वर्षांचा मनोविश्लेषणात्मक उपचार देण्यात आला. दुसऱ्या उपचारात संवादाचा विषय रुग्णावर सोपवलेला होता. लक्षणांवर थेट काम करण्याचा आग्रह नव्हता. पाच महिन्यांनंतर अतिभोजन व भरपाईचे वर्तन थांबलेल्यांचे प्रमाण सीबीटी गटात ४२ टक्के, तर दुसऱ्या गटात ६ टक्के होते. दोन वर्षांनंतर हे प्रमाण अनुक्रमे ४४ आणि १५ टक्के झाले. या प्रकल्पाची धुरा मनोविश्लेषणाकडे कल असणाऱ्या संशोधकांनी वाहिली होती, आणि तरीही त्यांनी हे निष्कर्ष निःसंदिग्धपणे प्रसिद्ध केले, ही बाब गौरवास्पद होय. व्यक्तीला पूर्ण वाव देणे म्हणजे व्यक्तिसापेक्ष उपचार नव्हे, असा बोध यातून घेता येतो.

दुसरी साक्ष याच्या उलट दिशेला जाते. न्यूझीलंडमध्ये ॲनोरेक्सियाग्रस्त ५६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत सीबीटी, आंतरव्यक्तिक मनोपचार आणि केवळ तुलनेसाठी घेतलेले एक साधे, आधार देणारे वैद्यकीय व्यवस्थापन अशा तीन उपचारांची तुलना झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, ज्याकडून फारशी अपेक्षा नव्हती ते साधे व्यवस्थापनच आघाडीवर राहिले. काही वर्षांनंतरच्या पाठपुराव्यात तिन्ही गटांतील फरक मावळला. जर्मनीत २४२ रुग्णांवर झालेल्या २०१४ च्या मोठ्या चाचणीतही तीन वेगवेगळ्या उपचारांत उपचाराअखेरच्या वजनवाढीबाबत लक्षणीय तफावत आढळली नाही. ॲनोरेक्सियाच्या बाबतीत कोणत्याही एका प्रमाणित पद्धतीने निर्विवाद श्रेष्ठत्वाचा दावा करू नये, हे यावरून उघड होते.

परंतु त्या साध्या व्यवस्थापनाची रचना पाहण्यासारखी आहे. खाणे आणि वजन या दोन विषयांचा पाठपुरावा प्रत्येक सत्रात होणारच, हे त्यात ठरलेले असते. उरलेल्या वेळात काय बोलायचे ते रुग्ण ठरवतो. न सोडायचा गाभा आणि मोकळा ठेवलेला परीघ, असे त्याचे स्वरूप आहे. डेन्मार्कमधील चाचणीत गाभ्यालाच मोकळीक होती. न्यूझीलंडमध्ये ती परिघाला होती. या दोन साक्षी परस्परविरोधी वाटतात त्या वरवर पाहताच. खोलात गेल्यास त्या एकमेकींना पूरक ठरतात.

संगणकीय व्यक्तिसापेक्षता

अलीकडच्या काळात या वादाला नवे वळण मिळाले आहे. अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठातील चेरी लेव्हिन्सन आणि त्यांचे सहकारी रुग्णाला भ्रमणध्वनीवर दिवसातून अनेक वेळा छोटे प्रश्न विचारतात आणि त्या उत्तरांवरून त्याच्या लक्षणांचे जाळे संख्याशास्त्राच्या साहाय्याने रेखाटतात. जाळ्यात जी लक्षणे केंद्रस्थानी दिसतात, त्यांच्यावर आधी उपचार केला जातो. २०२३ साली या पद्धतीचा तुलनागटाविना झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला व त्याचे निष्कर्ष आशादायक आहेत. उपचारकाच्या अंतःप्रेरणेऐवजी रुग्णाची स्वतःची आधारसामग्री निर्णय घेईल, हे तिचे आकर्षण आहे.

तथापि आधारसामग्रीही आपोआप बोलत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्याच्या एकाच रुग्णाची अशी सामग्री १२ संशोधक गटांना देऊन, उपचारासाठी कोणती लक्ष्ये निवडाल असे विचारण्यात आले. गटांनी सुचवलेल्या लक्ष्यांची संख्या शून्यापासून १६ पर्यंत होती. रुग्ण एक, सामग्री एक, उत्तरे मात्र भिन्न. शिवाय जाळ्यात एखादे लक्षण मध्यवर्ती दिसणे आणि ते विकाराचे कारण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या पद्धतीचे मोल ठरवायचे तर सीबीटी-ईशी यादृच्छिक तुलना आणि त्याबरोबरच श्युल्टे यांच्या धर्तीवर 'दुसऱ्याच्या मापाचा' गट, अशा दोन्ही कसोट्या लागतील. दुसरी कसोटी वगळली, तर सुधारणा रुग्णाच्या जाळ्यामुळे झाली की केवळ अधिक लक्ष पुरवल्यामुळे, हे कळणार नाही.

भारतीय संदर्भ

वरील सारे पुरावे पाश्चात्त्य देशांतील आहेत, आणि प्रमाणित उपचाराचा गाभा 'आकार व वजन यांना दिलेले अवाजवी महत्त्व' हा आहे. तो गाभाच नसेल तर? हाँगकाँगमधील सिंग ली यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ७० चिनी रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांत जाड होण्याची भीती आढळली नव्हती. पोट फुगणे, भूक नसणे अशी कारणे ते सांगत. दिल्लीतील मनोविकारतज्ज्ञांनी १९९५ साली नोंदवलेल्या पाच तरुणींच्या वृत्तान्तातही खाण्यास नकार, ओकाऱ्या आणि वजनातील मोठी घट होती, परंतु शरीरप्रतिमेची विकृती दिसत नव्हती. असे रुग्ण प्रमाणित पद्धतीच्या मूळ आकृतीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी आकृतीच नव्याने काढावी लागेल, आणि येथे व्यक्तिसापेक्षतेचा आग्रह पूर्णतः सार्थ ठरतो.

उपवासाचे उदाहरण याहून जवळचे आहे. खाण्यात तीन-चार तासांहून अधिक खंड पडू देऊ नये, हा प्रमाणित उपचाराचा प्रारंभिक नियम. मराठी घरातील एखाद्या तरुणीच्या नोंदवहीत सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास आढळले तर उपचारकाने काय समजावे? उपवास हा विकार ठरवणे हा तिच्या श्रद्धेवर आणि घरच्या रीतीवर अन्याय होईल. तो धर्माचा भाग म्हणून सोडून देणे हा कदाचित तिच्या प्रकृतीवर अन्याय होईल. उपवास घरातील इतरांबरोबर आहे की तिचा एकटीचाच? अलीकडे त्यांची संख्या वाढली आहे काय? साबुदाण्याची खिचडी वा वरीचे तांदूळ असा फराळ ती घेते, की तोही टाळते? उपवास सुटल्यावर अतिभोजन होते काय? हे प्रश्न कोणत्याही परदेशी पुस्तिकेत मिळणार नाहीत. पण ते विचारण्याची दृष्टी उपासमार आणि अतिभोजन यांचा संबंध सांगणाऱ्या त्या प्रमाणित उपपत्तीतूनच येते, हेही विसरता कामा नये.

प्रमाणित उपचाराच्या बाजूने आणखी एक साक्ष आपल्या शेजारची, गोव्यातील आहे. ती नैराश्याविषयीची आहे, तरी तिचा बोध व्यापक आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसलेल्या पण प्रशिक्षित अशा स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ सत्रांचा वर्तनाधारित उपचार दिला. तो नेहमीच्या सुधारित सेवेहून प्रभावी ठरला. उपचार लिहून काढता येण्याजोगा होता म्हणूनच तो शिकवता आला, आणि शिकवता आला म्हणून गावोगावच्या आरोग्य केंद्रांत पोहोचला. केवळ निष्णात व्यक्तीच्या प्रतिभेवर विसंबणारा उपचार कितीही सूक्ष्म असला तरी तो त्या व्यक्तीच्या दाराशीच थांबतो. जेथे तज्ज्ञ मोजके आणि गरजू असंख्य, तेथे हा विचार दुय्यम मानता येणार नाही.

समारोप

प्रस्तुत चिकित्सेतून निघणारा निष्कर्ष असा मांडता येईल. 'प्रमाणित की व्यक्तिसापेक्ष' हा प्रश्न चुकीच्या ठिकाणी रेघ ओढतो. बुलिमियाच्या बाबतीत प्रमाणित उपचारापासून आरंभ करण्यास भक्कम आधार आहे; ॲनोरेक्सियाच्या बाबतीत तो तितका भक्कम नाही, आणि तेथे निवडीला अधिक वाव आहे. दोन्हींत खाणे आणि वजन यांवरील काम हा गाभा सोडण्यास कोणताही पुरावा अनुमती देत नाही. गाभ्याबाहेर रुग्णानुसार बदल करावेत. पण कोणती खूण दिसल्यावर, कोणत्या आठवड्यात, कोणता बदल, हे आधी सांगावे आणि त्याचा परिणाम मोजावा. न सांगता व न मोजता केलेला बदल रुग्णाच्या वेगळेपणाचा आदर करतो की उपचारकाच्या सोयीचा, हे कोणालाच कळत नाही, खुद्द उपचारकालाही नाही.

महाविद्यालयांतील समुपदेशन कक्षांना यातून एक व्यावहारिक सूत्र घेता येईल. आहारविकृतीवर उपचार करणे हे या कक्षांचे काम नव्हे. ते प्रशिक्षित मनोपचारकांचे आणि वैद्यकांचे क्षेत्र आहे. परंतु डबा न उघडणाऱ्या, उपवास वाढवत नेणाऱ्या किंवा झपाट्याने वजन घटलेल्या विद्यार्थ्याला वेळेवर त्यांच्यापर्यंत पोहोचवणे आणि तेथे काय सुरू आहे याची विचारपूस करीत राहणे, एवढे कर्तव्य प्राध्यापकवर्गाला टाळता येणार नाही. उपचार सुरू होऊन महिना झाला तरी काहीच बदललेले नसेल, तर 'वेळ लागतो' या आश्वासनावर समाधान न मानता पुढील पावलाची पृच्छा करणे योग्य ठरेल. तो प्रश्न विचारण्याचा आधार प्रमाणित उपचाराने मिळवून दिला आहे, आणि तो ज्याच्यासाठी विचारायचा तो विद्यार्थी मात्र प्रत्येक वेळी वेगळा असणार आहे.